ग्रँड बँक्स, क्रोगेन की नॉर्डहॅवन? ट्रॉलर आतून कशी बघावी

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. सिअ‍ॅटलला राहणारं, निवृत्तीला आलेलं मराठी जोडपं आहे. उन्हाळ्यात सॅन हुआन बेटं, मग ब्रिटिश कोलंबिया आणि जमलंच तर इनसाइड पॅसेजनं, म्हणजे बेटांच्या आडोशानं जाणाऱ्या जलमार्गानं, अलास्का, असा बेत आहे. दरवर्षी महिनाभर भारतातून आई येतील. त्यांचे गुडघे दुखतात. तीन जुन्या ट्रॉलर, म्हणजे मासेमारीच्या नव्हे तर राहायची सोय असलेल्या, सावकाश चालणाऱ्या मोटरबोटी, पाहून झाल्यात: 1980 च्या दशकातली ग्रँड बँक्स 42 क्लासिक, त्याच सुमाराची केडी-क्रोगेन 42 आणि 1990 च्या दशकातली नॉर्डहॅवन 46 (नावातला आकडा म्हणजे साधारण लांबी, फुटांत). यात आतलं काम कुणाचं चांगलं आणि मांडणी कुणाची सोयीची, असं विचारलंय. शिवाय लिहिलंय की ग्रँड बँक्समध्ये पाऊल टाकलं आणि आतलं सागवान बघून दोघंही हरखून गेलो.

हरखायला हरकत नाही. ती बोट त्यासाठीच तशी बांधलीय. फक्त पैसे मोजण्याआधी एवढं लक्षात घ्या की जुन्या ट्रॉलरचं आतलं काम पॉलिशवरून कळत नाही. त्या लाकडाच्या मागे काय चाललंय आणि तिथपर्यंत तुमचा हात पोचतो की नाही, यावरून ते कळतं. मांडणीचंही तसंच आहे. धक्क्याला बांधलेल्या बोटीत सगळ्याच मांडण्या छान वाटतात. खरी परीक्षा दोन वेळा होते: आडव्या लाटेवर बोट डुलायला लागली की, आणि आठवडाभर संततधार पावसात नांगर टाकून बसायची वेळ आली की. अलास्काच्या वाटेवर ही दुसरी वेळ हमखास येते.

आधी सुतारकाम. ग्रँड बँक्स बांधणाऱ्या अमेरिकन मरीनचं मूळ हाँगकाँगचं. पुढे सिंगापूरला मोठा कारखाना झाला आणि 1973 पासून लाकडी हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग, जाऊन फायबरग्लासचे आले. आतलं सगळं बर्मी सागवान, जमिनीला सागवानाचीच पार्केट, म्हणजे लाकडाचे छोटे तुकडे जुळवून केलेली फरशी. या बोटींचा खरा गुण सागवान हा नाही. सागवान त्या काळात तैवानच्या जवळजवळ प्रत्येक यार्डात, म्हणजे बोटी बांधायच्या कारखान्यात, वापरत होते. गुण आहे तो सातत्याचा. एकाच कंपनीच्या कारखान्यात तोच साचा आणि त्याच पद्धतीनं एकामागून एक बोटी निघाल्या, म्हणून एक 42 नीट ओळखीची झाली की दुसरीत कुठली वायर कुठून जाते याचा अंदाज बांधता येतो. याउलट त्याच काळातल्या तैवानी ट्रॉलर, म्हणजे सीएचबी, मरीन ट्रेडर वगैरे, बाहेरून बहिणी-बहिणी दिसतात, पण आतलं काम कुठल्या यार्डात आणि कुणाच्या देखरेखीखाली झालं यावर सगळं ठरतं. काहींचं कोरीवकाम बघत राहावं असं, आणि त्याच कोरीव फळीमागे मनाला येईल त्या रंगाच्या वायरींचा गुंता.

क्रोगेन 42 सुद्धा तैवानचीच, काओशुंगची. पण आराखडा जेम्स क्रोगेन यांचा आणि 1977 ते 1997 अशी वीस वर्षं तेच मॉडेल चालू राहिलं. दोनशेच्या वर बोटी झाल्या. त्यामुळे सुरुवातीच्या आणि शेवटच्या बोटींत पुष्कळ फरक आहे, आणि साधारणपणे नंतरची बोट बरी. नॉर्डहॅवन 46 कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक एशियन एंटरप्रायझेसची, आराखडा जेफ लीशमन यांचा, बाजारात आली 1989 मध्ये. हिचं आतलं काम तिघींत सर्वात भरभक्कम आहे. ही बोट महासागर ओलांडायला बांधलीय, त्यामुळे कपाटाचं दार कडीशिवाय बंदच होत नाही आणि प्रत्येक टेबलाला कठडी आहे. दिसायला मात्र ती ग्रँड बँक्सइतकी हसतमुख नाही. खिडक्या लहान, काचा जाड.

आता हे काम तपासायचं कसं. बोटीत शिरल्यावर सलूनमधला, म्हणजे बोटीच्या बैठकीच्या खोलीतला, कुठलाही एक खण पूर्ण बाहेर काढा. ओढून बघू नका, बाहेरच काढा. खणाचे कोपरे एकमेकांत गुंतवलेले आहेत की नुसते स्टेपल मारलेत, तळाची फळी खरी प्लाय आहे की भुशाची, हे हातात घेतल्याबरोबर कळतं. मग टॉर्च घेऊन त्या रिकाम्या खाचेत डोकं घाला. चांगल्या बोटीत मागचा हल रंगवलेला, स्वच्छ दिसतो. विभाजक भिंत फायबरग्लासच्या रुंद पट्टीनं हलला जोडलेली असते आणि ती पट्टी कुठे सुटलेली नसते. वाईट बोटीत कच्चं फायबरग्लास, पाण्याचे ओघळ आणि वीस वर्षांपूर्वीचा लाकडाचा भुसा सापडतो. फ्लेमिंग 55 मध्ये कपाटांच्या आतली बाजूही बाहेरच्याइतकीच निगुतीनं केलेली दिसेल. ती बोट काढणारे टोनी फ्लेमिंग ग्रँड बँक्सच्याच कारखान्यात घडलेले. ती बोट तुमच्या बजेटच्या फार पलीकडे आहे, पण एखाद्या बोट-शोमध्ये एकदा आतून बघून या. नजर तयार होते.

ग्रँड बँक्सच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळ खिडक्यांपाशी काढतो. जुन्या बोटींच्या सलूनच्या सरकत्या काचा सागवानी पन्हळीत बसवलेल्या आहेत. पावसाचं पाणी त्या पन्हळीत साचतं आणि बारीक भोकांतून बाहेर जाणं अपेक्षित असतं. भोकं शेवाळानं बुजली की पाणी आत उतरतं आणि खिडकीखालच्या व्हिनियरच्या, म्हणजे प्लायवर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थराच्या, मागे मुरतं. खालचे दोन्ही कोपरे बघा. लाकूड काळपट पडलं असेल, अंगठ्यानं दाबल्यावर पापुद्रा किंचित आत जात असेल, तर प्लाय गेलेली आहे. मालकानं नुकतंच वॉर्निश केलं असेल तर काळपटपणा दिसणार नाही, दाबल्यावर मात्र कळेलच. ओल मोजायचं मीटर लावलं तर ती किती खाली पोचलीय हेही समजतं. कधीकधी थेट जमिनीच्या पार्केटपर्यंत. पार्केटचे तुकडे एके ठिकाणी उचललेले दिसले तर त्याच रेषेत वर खिडकी असणारच.

दुसरी गळती डेकवरून. त्या काळातल्या सागवानी डेकच्या पट्ट्या हजारो स्क्रू मारून बसवलेल्या आहेत. प्रत्येक स्क्रूचं भोक म्हणजे पाण्याला वाट. पाणी डेकच्या गाभ्यात शिरतं, तिथून कपाटांत, आणि सर्वात वाईट म्हणजे डिझेलच्या टाक्यांवर. बाजूच्या डेकखाली, इंजिनाच्या दोन्ही अंगांना असलेल्या या टाक्या त्या काळात बहुधा साध्या लोखंडाच्या असत. वरून थेंबथेंब पाणी पडत राहिलं की टाकी माथ्यापासून गंजते. टाक्या बसवल्या आधी आणि सलून उभं राहिलं त्यांच्यावर. त्यामुळे बदलायच्या म्हटलं की एकतर इंजिन उचला, नाहीतर टाकी जागेवरच कापून तुकड्यांनी बाहेर काढा. दोन्हींत सलूनची जमीन आणि निम्मं फर्निचर उखडावं लागतं. म्हणून आतल्या कामाचं मोल ठरवताना पहिला प्रश्न हाच विचारा: टाक्या बदलल्यात का, आणि बदलल्या असतील तर फर्निचर परत कुणी बसवलं? त्या कामाची बिलं मागा. बिलं नसली तर टाकीच्या माथ्यावर हात फिरवून बघा. बोटांना गंजाचे पापुद्रे लागले की किमतीचं बोलणं वेगळ्या आकड्यापासून सुरू करा. हा प्रश्न फक्त ग्रँड बँक्सचा नाही. त्या पिढीची कुठलीही आशियाई ट्रॉलर असो, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वासाचं एक तंत्र सांगून ठेवतो. केबिन कुबट येत असेल तर दलाल म्हणतो, "बंद होती हो, दोन दिवस उघडी ठेवली की जाईल." गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं संडासाच्या नळीभोवती मिनिटभर गुंडाळा, मग फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास आला तर नळीचं रबर झिरपतंय आणि नळ्या बदलाव्या लागतील. ते काम किचकट असलं तरी आटोक्यातलं आहे. फडकं स्वच्छ निघालं तर कुबटपणा लाकडात मुरलेल्या पाण्याचा आहे, आणि ते दुखणं मोठं. गाद्याही उचला. खाली हवा खेळायला पट्ट्या नसतील आणि प्लायवर काळे डाग असतील तर इथल्या थंडीत बोट नीट गरम ठेवलेली नाही.

आता मांडणी. तिन्ही बोटींचा स्वभाव हलपासून ठरतो, म्हणून रुंदीपासून सुरू करू. ग्रँड बँक्स 42 रुंदीला 13 फूट 7 इंच, क्रोगेन 15 फूट, नॉर्डहॅवन 46 साधारण साडेपंधरा फूट. दीड फुटाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सलूनमध्ये दोन माणसांना एकमेकांना ओलांडताना अंग चोरावं लागतं की नाही, हे त्यावरच ठरतं. क्रोगेनचा हल पुढेही पोटानं भरलेला आहे, त्यामुळे पुढच्या केबिनीत ग्रँड बँक्सपेक्षा मोकळं वाटतं. तिच्या वाइडबॉडी प्रकारात सलून बाजूच्या डेकची जागा घेऊन आणखी रुंद झालं. आत बसायला झकास. पण तुम्ही दोघंच असणार आणि पावसात दोऱ्या फेकायला बाहेर पळावं लागणार, तेव्हा बाजूनं पुढपर्यंत जाता येतं तो साधा प्रकारच मला बरा वाटतो.

ग्रँड बँक्स क्लासिकमध्ये सलून मधोमध, तिथंच उजवीकडे आतलं सुकाणू, स्वयंपाकघर त्याच पातळीवर, आणि झोपायच्या केबिनी दोन टोकांना: एक पुढे, एक मागे. पाहुण्यांना एकांत हवा असेल तर याहून चांगली मांडणी नाही. आई पुढे, तुम्ही मागे. रात्री कुणी उठलं तरी दुसऱ्याची झोपमोड नाही, आणि बाथरूमही वेगळी. मागच्या केबिनीतून थेट मागच्या डेकवर निघायलाही वाट आहे. आग लागली तर सलून हीच अडचणीची जागा असते, कारण इंजिन त्याच्या खालीच आहे. अशा वेळी प्रत्येक झोपायच्या जागेला स्वतःची बाहेर पडायची वाट असणं ही चैन नाही. पुढच्या केबिनीतलं छताचं झाकण स्वतः उघडून त्यातून बाहेर निघून बघा. गोल झाकण 450 मिलिमीटरपेक्षा लहान नसावं असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. पण आईंना त्यातून निघता येईल का, हा प्रश्न दंडकानं सुटत नाही.

अडचण आहे ती पायऱ्यांची. सलूनमधून पुढे जा किंवा मागे, तीव्र उताराच्या चार-पाच पायऱ्या उतराव्याच लागतात, आणि धक्क्यावरून आत येताना बाजूच्या डेकवर चढावं लागतं. याच 42 चा युरोपा नावाचा प्रकार बघितलात का? त्यात मागची केबिन नाही; तिच्या जागी छप्पर असलेला मागचा डेक आहे आणि तिथून दारातून जवळजवळ सपाट सलूनमध्ये शिरता येतं. इथल्या पावसाळी हवेत तो छपराखालचा डेक म्हणजे आपल्याकडचा ओटा. चहा तिथं, ओल्या चपला तिथं, भाजी निवडणंही तिथंच. क्रोगेनलाही मागे असा झाकलेला डेक आहे. गुडघ्यांचा विचार केला तर क्लासिक तिसऱ्या क्रमांकावर जाते.

क्रोगेनमध्ये सलून मागे, त्याच्या पुढच्या टोकाला स्वयंपाकघर, तिथून काही पायऱ्या वर चढलं की वेगळं पायलटहाऊस, म्हणजे बोट चालवायची खोली, आणि खाली उतरलं की पुढे दोन केबिनी. घर म्हणून ही मांडणी मला तिघींत सर्वात आवडते. दुसरी केबिन लहान असते, बरेच मालक तिचं ऑफिस करतात. आईंसाठी तिथली बर्थ किती उंच आहे, बसता-उठता येतं का, हे स्वतः झोपून बघा. तोटा म्हणजे दोन्ही केबिनी पुढे. समोरून लाटा येत असताना चालत्या बोटीत तिथं झोप लागणं कठीण. पण इनसाइड पॅसेजवर रात्री चालवायचं कारणच नाही. पाण्यात अर्धवट बुडालेले ओंडके असतात, म्हणून बहुतेक शहाणी माणसं संध्याकाळी नांगर टाकतात.

नॉर्डहॅवनचा विचारही इथूनच करा. तिची मोठी केबिन बोटीच्या मध्यभागी, जिथं हेलकावा सर्वात कमी. पायलटहाऊस वेगळं, अंधार करता येणारं, आणि सुकाणूच्या मागे पहारेकऱ्याला आडवं व्हायला बर्थ. दिवसरात्र सलग चालवणाऱ्यांसाठी यातली प्रत्येक गोष्ट विचार करून ठेवलेली आहे. त्याच कंपनीची नॉर्डहॅवन 40 तर 2001-02 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. पण तुम्हाला क्वीन शार्लट साउंड आणि डिक्सन एंट्रन्स हे वाटेतले पट्टे सोडले तर उघडा समुद्र फारसा लागणार नाही, आणि तेही चांगली हवा बघून दिवसाउजेडी ओलांडता येतात. मग त्या भरभक्कमपणाची किंमत तुम्ही राहायच्या जागेतून मोजणार. एक उदाहरण: बहुतेक नॉर्डहॅवनमध्ये इंजिनाचा धूर पाण्यातून न सोडता उभ्या धुराड्यानं वर नेलेला असतो. इंजिनाच्या दृष्टीनं पद्धत उत्तम, कारण त्यासाठी समुद्राचं पाणी आत घ्यावं लागत नाही. पण ते धुराडं आवरणासकट घराच्या मधून वर जातं आणि एका कपाटाएवढी जागा खातं. ब्रोशरमधल्या नकाशात तो एक छोटा चौकोन दिसतो. प्रत्यक्षात त्याला वळसा घालून जावं लागतं.

स्वयंपाकाबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, म्हणून मीच काढतो. पुष्कळ ग्रँड बँक्समध्ये विजेची शेगडी असते. म्हणजे नांगर टाकलेला असताना सकाळच्या चहासाठी जनरेटर सुरू करायचा आणि अख्ख्या खाडीला जागं करायचं. हल्ली लिथियम बॅटऱ्या, इन्व्हर्टर आणि इंडक्शन बसवून घेता येतं, पण तो खर्च बोटीच्या किमतीत धरा. गॅस असेल तर सिलिंडरची पेटी बाहेर डेकवर हवी, आणि तिच्या तळाचं भोक थेट समुद्राकडे उघडणारं हवं. प्रोपेन हवेपेक्षा जड, आत उतरला तर इंजिनखाली जाऊन बसतो. मांडणी इंग्रजी यू अक्षरासारखी असेल तर उत्तम, कारण बोट डुलली तरी दोन्ही बाजूंना कंबर टेकते. आपला कुकर बोटीवर सोन्यासारखा: झाकण पक्कं, सांडत नाही, गॅस वाचतो. मात्र शेगडीला भांडं आवळून धरणाऱ्या पट्ट्या आहेत का आणि त्यांत तुमचा पाच लिटरचा कुकर बसतो का, हे कुकर सोबत नेऊनच बघा. फोडणीसाठी शेगडीच्या डोक्यावर किंवा शेजारी उघडणारी खिडकी हवीच. नाहीतर हिंग-मोहरीचा वास गाद्यांत जाऊन बसतो आणि बाहेर पाऊस असला की खिडक्यांच्या आत पाण्याच्या धारा लागतात.

आधारासाठी हाताला काय लागतं, हे डोळे मिटून तपासा. सलूनच्या मागच्या दारापासून पुढच्या बर्थपर्यंत चालत जा. प्रत्येक पावलाला छताची किंवा भिंतीची दांडी हाताला लागली पाहिजे. क्रोगेन आणि नॉर्डहॅवन गोल पोटाच्या, सावकाश पण खोल डुलतात. ग्रँड बँक्सचा हल कडेला टोकदार, तिचे हेलकावे लहान पण झटक्याचे. स्टॅबिलायझर, म्हणजे डुलणं कमी करणारी यंत्रणा, असले तरी कधीतरी बंद पडणारच, तेव्हा दांड्यांना पर्याय नाही. जुन्या मालकांनी मोकळं दिसावं म्हणून मधलं टेबल किंवा खांब काढून टाकलेला असतो. तो परत बसवून घ्या.

नव्या बोटी बघाव्यात का? बेनेतोची स्विफ्ट ट्रॉलर मालिका उजेडाच्या बाबतीत या तिघींनाही मागे टाकते, आणि पायऱ्याही सोप्या. पण तिथलं लाकूड म्हणजे कारखान्यात जुळवलेलं पातळ व्हिनियर आहे. खरचटलं तर घासून पॉलिश करण्याइतका थरच नसतो. तुमच्या घराजवळ, वॉशिंग्टनमध्येच बांधलेली नॉर्डिक टग 37 जोडप्यासाठी छान आहे, पण महिनाभराच्या पाहुण्याला अपुरी.

माझा क्रम असा लागतो: पहिली क्रोगेन, पण तिच्या टाक्या आणि हल नीट तपासून, काही जुन्या क्रोगेनच्या हलमध्ये फोमचा गाभा आहे, तिथं पाण्याखालच्या भागात ओल शिरलेली नाही ना, याचा लेखी अहवाल हवा. दुसरी ग्रँड बँक्स, शक्यतो युरोपा. नॉर्डहॅवन तेव्हाच घ्या, जेव्हा हवाईला जायचा विचार खरोखर मनात असेल.

आईंना मात्र बयाना देण्याआधी प्रत्यक्ष बोटीवर न्या, त्या इथे असतील तेव्हा. आणि नुसतं बघू नका; धक्का सोडून तासभर आडव्या लाटेवर चालवा. कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहून चहा करावा, कुणीतरी बाथरूमला जाऊन यावं, आणि फोनवर आवाज मोजावा. नेहमीच्या वेगाला सलूनमध्ये आकडा सत्तर डेसिबलच्या फार वर गेला तर बोलताना ओरडावं लागेल. सर्व्हेअर, म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा जाणकार, दलालानं सुचवलेला नको. सॅम्स किंवा नॅम्स या संघटनांच्या यादीतून स्वतः निवडा आणि त्याला आधीच सांगा की इंजिनाइतकाच वेळ फर्निचरच्या मागे घालवायचा आहे. दोनचार फळ्या उघडण्याची मालकाची परवानगी लेखी घ्या. जो मालक एकही फळी उघडू देत नाही, त्याची बोट सोडून द्या.